संगणकाचा वीजपुरवठा आणि मल्टिमीटरची निवड

(दापोडी येथे यंत्रे व संगणक यांची देखभाल करणाऱ्या तरुण तंत्रज्ञांसमोर झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



पुण्याहून हॅरिस पूल ओलांडून दापोडीत आले, की मोजमापाविषयी बोलताना मनाला थोडा संकोच वाटतो. ज्या गावात राज्य परिवहन महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आहे आणि ज्याच्या पुढे कासारवाडी, भोसरी, पिंपरी, चिंचवड अशी कारखान्यांची रांगच लागते, तेथील माणसाला मोजण्याचे महत्त्व काय सांगावे? पत्रा मोजायची पट्टी वेगळी आणि शाफ्टचा व्यास मोजायचा मायक्रोमीटर वेगळा, हे येथील शिकाऊ मुलालाही पहिल्या आठवड्यातच कळते. बेअरिंग बसवावयाचा शाफ्ट कोणी पट्टीने मोजू लागला, तर वस्ताद त्याच्या हातातून पट्टी काढून घेतील.

परंतु हाच जाणता कामगार विजेच्या मापाकडे वळला म्हणजे त्याची ही शिस्त कोठे जाते, कोण जाणे. तेथे मीटर म्हणजे मीटर. कोणाचा तरी उसना आणलेला, काच तडकलेला, तारेला चिकटपट्टी गुंडाळलेला. त्याच्यावर जो आकडा उमटेल तो खरा मानून संगणकाचा वीजपुरवठा संच चांगला की वाईट, याचा निवाडा दिला जातो. निवाडा चुकला तर चांगला संच भंगारात जातो. अथवा त्याहून वाईट म्हणजे नादुरुस्त संच जागेवरच राहतो आणि काही दिवसांनी त्याच्याबरोबर मदरबोर्ड आणि चकतीवरील वर्षभराचा हिशेबही जातो. आपल्या या पट्ट्यात असे पुष्कळ छोटे कारखाने आहेत की जेथे एकच संगणक नकाशे काढतो, बिले करतो आणि यंत्राला आज्ञावलीही पुरवितो. तो बंद पडला की यंत्र बंद, आणि यंत्र बंद पडले की चाकणला जावयाचा माल राहिला. म्हणून आज मी केवळ एका साध्या प्रश्नाचे उत्तर देणार आहे. संगणकाच्या वीजपुरवठ्याचा दाब तपासण्यासाठी मल्टिमीटर घ्यावयाचा, तर तो कोणता घ्यावा?

बाजारात या संचाला आपण सर्वजण एसएमपीएस म्हणतो. मीही तोच शब्द वापरीन. मल्टिमीटरला पुस्तकांतून 'बहुमापी' असा चांगला मराठी शब्द आढळतो, पण दुकानात जाऊन बहुमापी मागितला तर दुकानदार आपल्या तोंडाकडे पाहील.

आधी टॉलरन्स, मग माप

मायक्रोमीटर घेण्यापूर्वी आपण नकाशावरील टॉलरन्स पाहतो. येथेही तेच करावे. मेजावरील सर्वसाधारण संगणकात जो एटीएक्स पद्धतीचा एसएमपीएस असतो, त्याच्या पिवळ्या तारेवर १२ व्होल्ट, तांबड्या तारेवर ५ व्होल्ट आणि नारिंगी तारेवर ३.३ व्होल्ट असा एकदिश म्हणजे डी.सी. दाब असतो. जांभळ्या तारेवरचे ५ व्होल्ट संगणक बंद असतानाही, केवळ मुख्य वीज चालू असली तरी मिळतात. निळ्या तारेवर उणे १२ व्होल्ट असतात. काळ्या तारा सामाईक. सर्व मापे त्यांच्यापासून घ्यावयाची. काही नव्या संचांच्या सर्वच तारा काळ्या असतात. तेथे रंगावर न जाता जोडणीतील खाच्यांचा क्रम पाहावा लागतो.

या दाबांत किती फरक चालतो? पिवळ्या, तांबड्या, नारिंगी आणि जांभळ्या तारेवर वर-खाली ५ टक्के. निळीवर १० टक्के. म्हणजे १२ व्होल्टची तार ११.४० ते १२.६० च्या दरम्यान, ५ व्होल्टची ४.७५ ते ५.२५ च्या दरम्यान आणि ३.३ ची सुमारे ३.१४ ते ३.४६ च्या दरम्यान असावी. वहीत हे आकडे लिहून ठेवा, कारण आपल्या मीटरची लायकी याच आकड्यांवरून ठरणार आहे.

अवजड वाहनांची विद्युत यंत्रणा सामान्यतः २४ व्होल्टची असते. तेथे दिवा लागत नसेल तर दाब आला आहे की नाही एवढेच बहुधा पाहावयाचे असते. काटा अर्ध्या व्होल्टाने चुकला तरी निदान चुकत नाही. संगणकाच्या तांबड्या तारेवर अर्धा व्होल्ट म्हणजे अनुज्ञेय फरकाच्या दुप्पट. गाडीवर उत्तम काम देणारा मीटर येथे कुचकामी ठरू शकतो, तो वाईट आहे म्हणून नव्हे, तर काम बदलले म्हणून.

काटा आणि आकडा

एकाच उपकरणात प्रवाह, दाब आणि रोध ही तिन्ही मापे आणण्याची कल्पना ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकॅडी याची. टेलिफोनच्या जोडण्या दुरुस्त करताना तीन तीन उपकरणे वाहून नेण्याचा त्याला कंटाळा आला होता. १९२३ साली त्याच्या कल्पनेतून 'एव्हो' मीटर बाजारात आला. अँपिअर, व्होल्ट आणि ओहम यांची आद्याक्षरे म्हणजे एव्हो. आपल्याकडील जुन्या कार्यशाळांत आणि तांत्रिक विद्यालयांत अशा काटेवाल्या मीटरवरच पिढ्या शिकल्या. मीही त्यांपैकीच एक. त्या काट्याविषयी मला आदर आहे, तरीही या कामासाठी तो घेऊ नका असेच मी म्हणेन, आणि त्याचे कारण गणितात आहे.

साध्या काटेवाल्या मीटरची डी.सी. दाबाची अचूकता २.५ ते ३ टक्के असते, आणि ही टक्केवारी वाचलेल्या आकड्याची नसून पूर्ण पट्टीची असते. येथेच अनेकांची फसगत होते. १२ व्होल्ट मोजण्यासाठी आपण ५० व्होल्टची पट्टी लावली, तर २.५ टक्के म्हणजे सव्वा व्होल्ट. काटा १२ वर उभा असेल तर खरा दाब १०.७५ असू शकेल किंवा १३.२५ सुद्धा. ज्या तारेला केवळ ०.६ व्होल्टची मोकळीक आहे, तिचा निवाडा सव्वा व्होल्ट चुकणाऱ्या मापाने कसा द्यावयाचा? १० व्होल्टच्या पट्टीवर ५ व्होल्ट मोजले तर चूक पाव व्होल्ट. म्हणजे सारा टॉलरन्स मीटरनेच खाऊन टाकला.

आता आकडा दाखविणारा म्हणजे डिजिटल मीटर पाहू. त्याच्या पत्रकात अचूकता 'अधिक-उणे ०.५ टक्के अधिक २ अंक' अशी लिहिलेली असते. यातील टक्के वाचलेल्या आकड्याचे, आणि अंक म्हणजे शेवटच्या घरातील अंक. साडेतीन अंकी मीटर २० व्होल्टच्या पल्ल्यावर ०.०१ व्होल्टपर्यंत दाखवितो. १२ व्होल्टवर त्याची चूक ०.०६ अधिक ०.०२, म्हणजे ०.०८ व्होल्ट. मोकळीक ०.६० ची, चूक ०.०८ ची, साधारण सातवा हिस्सा. ५ व्होल्टवर चूक सुमारे ०.०४५, मोकळीक ०.२५. ३.३ व्होल्टवर हा हिशेब थोडा आखडतो: मोकळीक ०.१६५ आणि चूक ०.०३७ च्या आसपास. मापनशास्त्रात जुना संकेत आहे, की मापकाची चूक टॉलरन्सच्या दहाव्या हिश्श्याइतकी असावी, आणि ते न जमल्यास चौथ्या हिश्श्याहून अधिक नसावी. त्या संकेतात आपला ०.५ टक्क्यांचा डिजिटल मीटर बसतो. ६००० पर्यंत आकडे दाखविणारा मीटर असेल तर त्याच्या ६ व्होल्टच्या पल्ल्यावर हजारावा भाग दिसतो आणि ३.३ व्होल्टचीही अडचण राहत नाही.

सारांशाने पाहता, डी.सी. दाबासाठी ०.५ टक्के किंवा त्याहून चांगली अचूकता पुरेशी आहे. ०.०५ टक्क्यांचा महागडा मीटर दाखवून विक्रेता भुरळ घालील. पण ज्या मापात पाच टक्के चालतात तेथे त्या जादा पैशांचा उपयोग नाही. ते पैसे दुसऱ्या एका गोष्टीवर खर्च करावेत, आणि ती मी पुढे सांगणार आहे.

दोनशे रुपयांचा पिवळा मीटर

मग कोणी विचारील, दोन-तीनशे रुपयांना मिळणाऱ्या छोट्या पिवळ्या मीटरच्या पत्रकातही ०.५ टक्केच लिहिलेले असते. तो का घेऊ नये? हा प्रश्न रास्त आहे. तो मीटर नवा असताना १२ व्होल्ट बऱ्यापैकी अचूक दाखवितो, हे मान्य केले पाहिजे. पण त्यापायी एकदा माझी जी शोभा झाली, ती सांगितल्यावाचून पुढे जाता येणार नाही.

बुधवारची संध्याकाळ होती. दुसऱ्या दिवशी गुरुवार, औद्योगिक सुट्टी. म्हणून एका लहान कारखान्याच्या मालकांनी मला घाईने बोलावले होते. त्यांचा नकाशांचा संगणक अधूनमधून आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होत असे. मी पिवळा मीटर लावला. १२ च्या तारेवर १३.०१, ५ च्या तारेवर ५.४५. दोन्ही मर्यादेबाहेर! मी मोठ्या आत्मविश्वासाने संच बाद ठरविला. मालकांनी त्याच वेळी माणूस पाठवून नवा संच आणविला. नव्यावरही १२.९८. मी दुकानदाराला दूरध्वनीवर बोल लावले. त्याने न कुरकुरता दुसरा दिला, त्यावर १३.०३. तेव्हा कोठे माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. टेबलावर घड्याळासाठी आणलेला नवा पेन्सिल सेल होता. त्याचा दाब १.६ व्होल्टच्या आत असावयास हवा. माझा मीटर १.७१ दाखवीत होता. सेल खोटा बोलणार नव्हता. मीटरमधील ९ व्होल्टची बॅटरी उतरली होती.

डिजिटल मीटर हा मुळात तुलना करणारा आहे. बाहेरून आलेला दाब तो आपल्या पोटातील एका ठरलेल्या संदर्भ-दाबाशी ताडून पाहतो. बॅटरी फार उतरली की साध्या मीटरमध्ये हा संदर्भ-दाबच खाली येतो, आणि माप लहान झाले की मोजलेली वस्तू मोठी दिसते. वजन झिजले की धान्य जास्त भरते तसे. काटेवाला मीटर दाब मोजताना बॅटरीवर अवलंबून नसतो, म्हणून आम्हा जुन्या लोकांना हा धोका सुचत नाही. बऱ्या मीटरमध्ये बॅटरी उतरल्याची खूण पडद्यावर उमटते. माझ्या त्या मीटरमध्ये ती नव्हती. संगणकाचा खरा दोष होता भिंतीवरील सॉकेटच्या सैल झालेल्या पितळी पट्टीत. संचाचे पैसे मी मालकांना परत केले आणि दुकानदाराची क्षमा मागितली.

तेव्हापासून माझ्या पेटीत एक कोरा सेल असतो. सकाळी पहिले माप त्याचे. तुम्हीही हे करावे. याला खर्च नाही.

मीटर चांगला, पण तारा कोठे टेकवल्या?

एसएमपीएस संगणकातून काढून, हिरवी तार काळीला जोडून तो चालू करावयाचा आणि मोकळ्या जोडणीवर दाब पाहून 'संच चांगला' असे म्हणावयाचे, ही पद्धत आपल्याकडे फार रूढ आहे. ती अर्धवट आहे. मोकळ्या संचावर भार नसतो. रिकाम्या हातगाडीचे चाक फिरवून पाहिले, म्हणून ती दहा पोती ओढील असे ठरत नाही. शिवाय काही जुन्या संचांना किमान भार नसेल तर ते चालूच होत नाहीत, किंवा विचित्र आकडे दाखवितात. खरे माप संगणक पूर्ण कामाला लावून, जोडणी मदरबोर्डवर जागेवर असताना, तिच्या मागील बाजूने तारेलगत बारीक टोक सरकवून घ्यावयाचे असते. म्हणूनच मीटर घेताना त्याच्या प्रोबची टोके पाहा. जाड टोक जोडणीत शिरत नाही, आणि बळाने शिरवले तर आतील पट्टी सैल होते; दोष शोधावयास गेलेला माणूस दोष पेरून येतो. बारीक टोकांच्या निराळ्या तारा थोड्या पैशांत मिळतात.

आणखी एक माप आहे, जे मला सर्वांत उपयुक्त वाटते आणि जे फारच थोडे लोक घेतात. एकाच तारेच्या दोन टोकांमधील दाब. भार चालू असताना एक प्रोब एसएमपीएसच्या काळ्या तारेवर आणि दुसरा मदरबोर्डजवळच्या काळ्या टोकावर ठेवा. मीटर मिलिव्होल्टच्या पल्ल्यावर. तार आणि जोडणी निरोगी असतील तर काही थोडे मिलिव्होल्ट दिसतील. जोडणीचा रोध ०.०५ ओहम इतका वाढला असेल आणि तीतून १० अँपिअर जात असतील, तर तेथेच अर्धा व्होल्ट नाहीसा होतो. संच १२.०५ देत असतो, मदरबोर्डला मात्र ११.५५ पोहोचतात. तीच गत परतीच्या काळ्या तारेवर झाली तर ११.०५. आपण संच बदलतो, नवा संच चार दिवस चालतो आणि पुन्हा तोच प्रकार. कारण दोष संचात नसतोच, तो असतो उष्णतेने पिवळट पडलेल्या त्या प्लॅस्टिकच्या जोडणीत. ०.०५ ओहम रोध मीटरच्या रोधाच्या पल्ल्यावर मोजता येत नाही, कारण प्रोबच्या तारांचाच रोध त्याहून अधिक असतो. पण दाबाच्या रूपाने तो लपत नाही. यास्तव मीटरला २०० किंवा ६०० मिलिव्होल्टचा पल्ला आहे, याची खात्री करून घ्यावी.

क्षणिक घसरणीचे काय? मीटर सेकंदाला साधारण दोन ते चार वेळा माप घेतो. यंत्राचा स्पिंडल सुरू होताना दाब पापणी लवण्याच्या आत खाली जाऊन वर आला, तर आकडा हलणारही नाही. काही मीटरमध्ये 'मिन-मॅक्स' नावाची सोय असते. मीटर लावून ठेवावा आणि दरम्यान दिसलेला सर्वांत कमी व सर्वांत अधिक दाब नंतर वाचावा. किंचित रेंगाळणारी घसरण यात सापडते. मला ही सोय तापमान, ट्रान्झिस्टर-चाचणी, वारंवारता अशा दहा सोयींपेक्षा मोलाची वाटते.

मात्र मल्टिमीटरला जे दिसत नाही, तेही जाणून असावे. एसएमपीएसच्या डी.सी. दाबावर एक बारीक लहर असते. १२ च्या तारेवर ती १२० मिलिव्होल्टपर्यंत आणि ५ व ३.३ च्या तारेवर ५० मिलिव्होल्टपर्यंत चालते. फुगलेल्या कपॅसिटरमुळे ही लहर वाढते आणि संगणक विनाकारण अडखळू लागतो. काही जण मीटर ए.सी.वर ठेवून ही लहर मोजू पाहतात. पण संचातील स्विचिंग सेकंदाला हजारो वेळा होते, आणि साध्या मीटरचा ए.सी. पल्ला काही शे आवर्तनांच्या पुढे विश्वसनीय नसतो. शून्य दिसले म्हणून लहर नाही असे होत नाही. तेथे ऑसिलोस्कोपच हवा. ज्याच्याजवळ तो नाही त्याने संशयित संचाच्या जागी चांगला ठाऊक असलेला संच लावून पाहणे, हाच प्रामाणिक मार्ग. मीटर योग्य आकडे दाखवीत असूनही संच सदोष असू शकतो, हे ग्राहकाला सांगण्यात कमीपणा नाही.

जिवाचा प्रश्न

आता ज्या गोष्टीवर पैसे खर्च करावेत असे मी मघाशी म्हणालो, ती म्हणजे मीटरची सुरक्षितता. कोणी म्हणेल, १२ व्होल्ट मोजावयाचे त्यात धोका कसला? तारांवर १२ व्होल्ट असतात हे खरे. पण त्या तारा ज्या पेटीतून येतात तिच्यात २३० व्होल्ट शिरतात. ते सरळ करून साठविले, की कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डी.सी. जमतात, आणि पॉवर फॅक्टर सुधारणारा भाग असलेल्या संचात ३८० ते ४०० पर्यंत. वीज काढून घेतल्यावरही हा साठा काही काळ टिकतो. एसएमपीएसची पेटी उघडणे हे शिकाऊ माणसाचे काम नव्हे. आणि पेटी न उघडताही दोष शोधताना आपण भिंतीवरील सॉकेट तपासतोच, तेथून यंत्राच्या वितरण फलकापर्यंत जातोच. मीटर १२ व्होल्टसाठी घेतला तरी तो २३० वर, आणि कारखान्यात ४१५ वर लागणार, हे गृहीत धरूनच घ्यावा.

चांगल्या मीटरवर 'कॅट' असे लिहून त्यापुढे रोमन आकडा आणि व्होल्ट दिलेले असतात. दुसरा वर्ग सॉकेटला जोडलेल्या घरगुती व कार्यालयीन उपकरणांसाठी, तिसरा इमारतीतील वितरण फलक व कायम बसविलेल्या यंत्रांसाठी, चौथा बाहेरून वीज आत येते त्या ठिकाणासाठी. वर्ग जसा वाढतो तसा दाबाचा अकस्मात झटका सोसण्याची मीटरची शक्ती अधिक. वितरण फलकाशी झालेल्या शॉर्टमागे सारे रोहित्र उभे असते, म्हणून तेथे चूक क्षम्य नसते. कारखान्यात फिरणाऱ्याने तिसऱ्या वर्गाचा, ६०० व्होल्टचा मीटर घ्यावा. प्रोबवरही तोच वर्ग छापलेला असावा; मीटर भक्कम आणि तारा पोकळ, असा प्रकार बाजारात फार आढळतो.

सर्वांत अधिक अपघात होतात ते मात्र एका विसराळूपणाने. प्रवाह मोजण्यासाठी तांबडी तार १० अँपिअरच्या भोकात खोचलेली असते. ती तशीच राहते, आणि नंतर कोणी त्याच मीटरने सॉकेटमधील २३० व्होल्ट पाहावयास जातो. प्रवाहाच्या भोकाचा रोध जवळजवळ शून्य; म्हणजे त्याने हातात धरून शॉर्ट केला. स्वस्त मीटरमध्ये या भोकाला फ्यूजच नसतो, आणि तसे तेथे प्रामाणिकपणे छापलेलेही असते. प्रोबचे टोक वितळून बोटांशी ज्वाळा येते. बऱ्या मीटरमध्ये या ठिकाणी वाळू भरलेला उच्च क्षमतेचा फ्यूज असतो. तो मीटरच्या किमतीचा मोठा भाग असतो, पण बोटांच्या किमतीचा नव्हे. एसएमपीएस तपासताना प्रवाह मोजण्याची गरज सहसा पडत नाही. ते भोक चिकटपट्टीने बंद करून ठेवले तरी चालेल. मी तसे करतो.

झिणझिण्या आणि ११५ व्होल्ट

संगणकाच्या पत्र्याला हात लागला की झिणझिण्या येतात, ही तक्रार या भागात, विशेषतः जुन्या शेडमध्ये, नेहमी ऐकू येते. मीटर लावला तर पत्रा आणि जमीन यांच्यामध्ये ११० ते ११५ व्होल्ट दिसतात. मालक घाबरतात, एसएमपीएस बदलतात, आणि नव्यावरही तेच. यात संचाचा दोष नाही. फेज आणि न्यूट्रल या दोहोंपासून पत्र्याकडे जाणारे दोन लहान कपॅसिटर प्रत्येक संचात असतात. ते विद्युत गोंगाट अर्थिंगमध्ये सोडून देतात. अर्थिंगच तुटले असेल तर पत्रा या दोहोंच्या मध्ये लोंबकळतो आणि २३० च्या निम्मा दाब दाखवितो. प्रवाह अत्यल्प असतो, परंतु अर्थिंग नाही हे त्याने ओरडून सांगितलेले असते. ज्या दिवशी खरोखर फेज पत्र्याला टेकेल, त्या दिवशी या झिणझिण्या राहणार नाहीत.

डिजिटल मीटरचा आंतररोध बहुधा १० मेगाओहम असतो. म्हणून हा दुबळा दाबही त्याला पुरता दिसतो. काही मीटरमध्ये कमी रोधाचा निराळा पल्ला असतो. त्यावर ठेवताच हा आकडा कोसळतो, आणि दाब दुबळा की जोरकस, याचा उलगडा होतो. ही सोय असली तर उत्तम, नसली तर अडत नाही; अर्थिंग तपासून घ्यावे हा निष्कर्ष दोन्ही बाबतीत तोच. इतर संगणकांवर पत्र्याचा दाब शून्याजवळ असावयास हवा.

यूपीएस किंवा इन्व्हर्टरवर चालणाऱ्या संगणकाची एक गंमत सांगून हा भाग आटोपतो. स्वस्त इन्व्हर्टरची वीज साइन लहरीची नसते, चौकोनी असते. साधा मीटर सरासरी मोजून तिला साइन समजून आकडा दाखवितो. शुद्ध चौकोनी लहरीवर तो अकरा टक्के अधिक दाखवील, आणि मधे खंड असलेल्या पायऱ्यांच्या लहरीवर कमीही. ज्यांना असे काम नेहमी पडते त्यांनी 'ट्रू आरएमएस' मीटर घ्यावा. केवळ डी.सी. तपासणाऱ्यास त्याची गरज नाही.

कोठून आणि केवढ्याचा

कोणत्या कंपनीचा घ्यावा, असे मला नेहमी विचारतात. मी नाव सुचवीत नाही. पण हेही सांगतो, की या वस्तूसाठी परदेशाकडेच पाहावे लागते असे नाही. नाशिकच्या मोटवाने आणि ऋषभ, नवी मुंबईची मेको ही नावे मापन उपकरणांच्या क्षेत्रात दीर्घकाळ परिचित आहेत. दुरुस्ती आणि सुटे फ्यूज जवळ मिळणे ही लहान बाब नव्हे. आयात केलेल्या, पेटीवर पुष्कळ छापलेल्या पण पत्रक नसलेल्या मीटरपासून सावध असावे. ज्याच्या बरोबर अचूकतेचे पत्रक नाही, तो मीटर मापक नव्हे. तो विजेवर चालणारा अंदाज आहे.

दोन-चार हजार रुपयांच्या आसपास या कामास योग्य मीटर मिळतो. दुरुस्तीवर पोट असलेल्या तरुणाला ही रक्कम लहान नाही, याची मला जाणीव आहे. चौघांनी मिळून घेतला तरी चालेल, मात्र त्याची बॅटरी कोण पाहणार हे आधी ठरवावे. वर्षातून एकदा तो अंशशोधन करणाऱ्या, म्हणजे कॅलिब्रेशनच्या, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत दाखवावा. मुंबईत चुनाभट्टीला विद्युत मापन उपकरणांच्या रचनेची इडेमी ही संस्था १९६९ पासून या क्षेत्रात काम करीत आहे. पुणे परिसरातील मोठ्या कारखान्यांना माल देणाऱ्यांच्या गेजची तपासणी नियमाने होतेच; त्याच खेपेत आपला मीटरही पाठविण्यास कोणी अडविणार नाही. प्रमाणपत्रावरील तारीख मीटरच्या पाठीवर लिहून ठेवावी.

समोरच्या टेबलावर चार संगणक चालू ठेवले आहेत. त्यांपैकी एकाच्या जोडणीत मुद्दाम दोष ठेवला आहे आणि एकाचे अर्थिंग काढले आहे. कोणते ते मी सांगणार नाही. प्रत्येकाने आपापला मीटर बाहेर काढावा, तांबडी तार कोणत्या भोकात आहे ते पाहावे, आणि पहिले माप या कोऱ्या सेलचे घ्यावे. १.६ च्या वर आकडा दाखविणारे मीटर या बाजूला ठेवा. बॅटऱ्या मी आणल्या आहेत.